दालचिनी, रेवाचिनी, चोपचिनी : हांगझोऊचे पाच दिवस, शांघायचा एक

सातारच्या आमच्या काष्ठौषधीच्या दुकानात तीन खण शेजारीशेजारी आहेत. दालचिनी, रेवाचिनी, चोपचिनी. लहानपणी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून मी ही नावं पाढ्यासारखी म्हणायचे. चौथी कबाबचिनीही होती, पण ती जावा बेटाकडची, उगाच चीनच्या नावावर खपलेली, असं अण्णा सांगायचे. अण्णा गेले, दुकान दादाकडे आलं, मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. लेक नोकरीसाठी शांघायला गेली तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, ती तिथं खाते काय? दादानं विचारलं, "तिथं रेवाचिनीचा भाव काय आहे?"

त्या एका प्रश्नापायी आम्ही बहीण-भाऊ नोव्हेंबरात चीनला जाऊन आलो. दादा त्रेसष्टचा, पासपोर्ट पहिलाच. चीनची भिंत वगैरे काही पाहिलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिला दिवस

शांघायहून हांगझोऊला वेगवान रेल्वेनं तासाभरात पोचतो. लेकीनं तीन दिवस रजा टाकली होती, शनिवार-रविवार जोडून पाच झाले. स्टेशनबाहेर रिमझिम आणि हाडात शिरणारा गारठा. महाबळेश्वरच्या थंडीची सवय म्हणून मिरवणाऱ्या दादानं दहा मिनिटांत कानटोपी काढली.

संध्याकाळी हफांग रस्त्यावर गेलो. जुन्या धाटणीची लाकडी दुकानं, दिवे, गर्दी. एका जुन्या औषधालयाच्या दारात मोठ्या पिंपातून कागदी पेल्यात काढा वाटत होते, फुकट. शाळेतून येणारी पोरं, सायकलवाले, आमच्यासारखे पाहुणे, सगळे थांबून पीत होते. दादानं पेला नाकाशी धरला, एक घोट तोंडात फिरवला आणि म्हणाला, "ज्येष्ठमध आहे. आणि कसलं तरी फूल." मग सदऱ्याच्या खिशातून स्वतःची ज्येष्ठमधाची काडी काढून तोंडात टाकली. ही त्याची चाळीस वर्षांची सवय. दुकानात बसला की काडी तोंडात. ही काडी पुढे पुन्हा येणार आहे.

जेवणाची काळजी होती, ती वाटलं त्यापेक्षा लवकर मिटली. कमळाच्या कंदाच्या पिठाची खीर मिळते, वर सुकवलेली केशरी फुलं भुरभुरलेली. कोमट पाण्यात कालवून वरून उकळतं पाणी ओतलं की पारदर्शक, लपलपीत होते. दादानं पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. "अगं, ही तर तवकीर!" आजारपणात आई करून द्यायची तीच चव, फक्त वेलदोडा नाही.

शाकाहारी मंडळींनी ‘वो छृ सू’ एवढे तीन शब्द पाठ करावेत, मी शाकाहारी आहे. त्यावर अंडं-मासा-चरबी काही नको हे फोनवरच्या भाषांतरात दाखवावं. पैसेही बहुतेक ठिकाणी फोनवरूनच देतात, तेव्हा पैसे भरायचं ॲप घरूनच सुरू करून जावं.

दुसरा दिवस

वू टेकडीच्या पायथ्याशी एक अरुंद बोळ आहे. बोळाला लागून किल्ल्यासारखी पांढरी भिंत आणि तिच्यावर माणसापेक्षा कितीतरी उंच काळी चिनी अक्षरं. हे हू छिंग यू थांग. उत्तरेत बीजिंगचं थोंग रन थांग आणि दक्षिणेत हे, अशी चिनी औषधालयांची जोडी सांगतात. बीजिंगचं 1669 सालचं, हे 1874 चं. हू शुएयान नावाच्या पेढीवाल्यानं ते काढलं. सरकारदरबारी एवढं वजन की व्यापारी असून अंमलदाराची मानाची टोपी मिळालेली. पुढे रेशमाच्या सट्ट्यात पेढ्या बुडाल्या आणि 1885 मध्ये कफल्लक होऊन मेला. औषधालय मात्र आजही चालू आहे. पुढच्या बाजूला दुकान, मागे 1991 पासून संग्रहालय.

आत शिरल्यावर दादा बोलायचाच थांबला. छतापर्यंत काळसर लाकडाचे खण. प्रत्येक खणावर दोन-तीन नावं, कारण आत आडवे-उभे कप्पे. वर चिनी मातीच्या बरण्या. काउंटरवर पांढऱ्या कोटातली एक मुलगी, पंचविशीची असेल, हातात दांडीचा छोटा काटा. एका बाजूला पारडं, दुसऱ्या बाजूला दांडीवर सरकणारं वजन. तिनं सात कागद ओळीनं पसरले होते, सात दिवसांचे. खण उघडायचा, मूठभर काढायचं, एकदम सात दिवसांचं तोलायचं आणि मग नजरेच्या अंदाजानं सात कागदांवर सारखं वाटायचं. पुढचा खण. काढून झालेलं औषध चिठ्ठीवर बोटानं टिपायचं. तिचा हात कुठला खण कुठे आहे हे शोधतच नव्हता.

"बाराखडीप्रमाणे नाहीयेत," दादा हळूच म्हणाला. "जे एकत्र लागतं ते शेजारी ठेवलंय. अण्णांसारखं."

लेकीनं चिठ्ठीतले आकडे वाचून दाखवले. 6, 9, 3, 12, 9, 15. सगळे तीनाच्या पटीत! विचारलं तर कळलं, पूर्वी तोलाचं माप ‘छ्येन’ होतं. 1979 मध्ये दशमान वजनं आली तेव्हा एक छ्येन म्हणजे तीन ग्रॅम असं धरलं. वजनं बदलली, वैद्यांच्या हाताला लागलेले आकडे तसेच राहिले. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं तोळाभर ओवा मागतात, तसंच.

मग दादानं खणांवरची नावं वाचायला लेकीला कामालाच लावलं. दालचिनी सापडली, ‘रौग्वे’. रेवाचिनी म्हणजे ‘दाह्वांग’, मोठी पिवळी. दादानं नख लावून पाहिलं, केशरी-पिवळा डाग पडला, मान डोलावली. दोन्हीकडे उपयोगही एकच, पोट साफ करायला, आणि दोन्हीकडे गरोदर बाईला द्यायची नाही.

चोपचिनीच्या जातीचं जे मूळ तिथं मिळतं त्याला ‘थूफूलिंग’ म्हणतात. आमची चोपचिनी तिची सख्खी चुलत बहीण. ‘चोब-ए-चिनी’ म्हणजे फारसीत चिनी लाकूड. ही मुळी आपल्याकडे आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या वाटेनं, त्यांनीच आणलेल्या फिरंगरोगावर, म्हणजे सिफिलिसवर, उतारा म्हणून. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्यानं 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात तिच्यावर सविस्तर लिहिलंय, आणि आपल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही फिरंगरोग आणि चोपचिनी हातात हात घालूनच येतात. गंमत म्हणजे त्याच शतकात चीनमध्ये ली शृझेन हा वैद्य आपल्या 1,892 द्रव्यांच्या प्रचंड निघंटूत थूफूलिंग याच रोगावर सांगत होता. रोग आणि औषध दोघांनीही एकाच जहाजानं प्रवास केला असावा असं वाटतं.

पण खरी मजा उलट्या दिशेच्या मालाची. लेक वाचत होती, "हे काय, ‘बीबा’..."

दादा एक पाऊल मागे सरकला. "बिब्बा? उघड्या खणात? अगं, हात लावू नकोस, उतेल!"

काउंटरवरच्या मुलीनं त्याचा चेहरा पाहून खणातलं चिमूटभर काढून कागदावर ठेवलं. काळी, बारीक, खवल्याखवल्यांची. पिंपळी! आमची लेंडीपिंपळी. संस्कृत पिप्पली चीनला गेली आणि ‘बीबा’ झाली. त्याच कपाटात खाली ‘हचृ’ होता, म्हणजे हिरडा. जुन्या चिनीत त्याचं नाव ‘हलीले’, आपल्या हकिमांचा हलीला तोच. बौद्ध भिक्षू आणि इराणी व्यापारी यांच्याबरोबर तो इकडे पोचला. जायफळ, लवंग, चंदन, सुपारी, हिंग सगळं आलं. दादानं एक हिरडा उचलला, वास घेतला, दातांखाली धरला. "सुरवारी हिरडा नव्हे. पण बरा आहे."

आणि कोळिंजन! गाणारी मंडळी घशासाठी चघळतात ते. तिथं ‘गावल्यांग-ज्यांग’, गावल्यांग भागातलं आलं. हा चिनी शब्द फारसी-अरबीतून फिरत आपल्याकडे कोळिंजन होऊन आला, असं मानतात. म्हणजे ज्या नावात ‘चिनी’ नाही तेच नाव पक्कं चिनी निघालं. दादाला हे इतकं लागलं की दिवसभर तो "कोळिंजन, गावल्यांगज्यांग" असं पुटपुटत होता.

धिटाई वाढून त्यानं एक पिवळीधमक बारीक मुळी चाखायला मागितली. मुलगी नको-नको म्हणत होती. ती ‘ह्वांगल्येन’ होती. कुटकी आणि काडेचिराईत एकत्र वाटून त्यावर कडुलिंब शिंपडलं तर जेमतेम बरोबरी होईल. दादाचा चेहरा लाल, पण परक्या दुकानात थुंकायचं कुठं? गप्प उभा. मुलगी हसत लेकीला काही बोलली. चिनीत म्हणच आहे, मुक्यानं ह्वांगल्येन खाल्लं, कडू असूनही सांगता येईना. आपल्या तोंड दाबून बुक्क्यांच्या माराची ही चिनी बहीण. पाण्याचा पेला तिनंच आणून दिला. गरम पाण्याचा, अर्थातच. चीनमध्ये गार पाणी मागणारा माणूस संशयास्पद.

मागच्या संग्रहालयात चांदीची कढई आणि सोन्याचा उलथणा ठेवलाय. तापाच्या झटक्यांवरचं एक औषध तांब्या-लोखंडात बिघडायचं, म्हणून हूनं ही भांडी घडवून घेतली. मला मात्र आवडली ती गोळ्या वळायची कला. बांबूच्या मोठ्या गोल सुपात बियांएवढे कण, त्यावर पाण्याचा हबका, मग चूर्ण, आणि सूप गोल गोल फिरवत राहायचं. थरावर थर चढत गोळी वाढत जाते. संक्रांतीचा हलवा करतात तसंच, फक्त खाली शेगडी नाही आणि काटा यायच्या आत थांबायचं.

काचेमागे बचनागाच्या कुळातलं ‘फूचृ’ होतं. कच्चं जीवघेणं. तिथं ते मिठवणासारख्या खारट पाण्यात मुरवून आणि उकळून मवाळ करतात, आपल्याकडे गोमूत्रात शोधन करतात. विष ते विषच, हे दोघांनाही कुणी मेल्याशिवाय कळलं नसणार.

निघताना लेकीनं एक पाटी दाखवली. दुकानातल्या बाकी पाट्या गिऱ्हाइकांकडे तोंड करून आहेत. ही एकटी आतल्या बाजूला, नोकरांना दिसेल अशी. दोनच अक्षरं, ‘ज्ये छी’, फसवू नका. बाजूला हूनं 1878 मध्ये लिहिलेला मजकूर. कुठल्याच व्यापारात फसवणूक नको, औषधाचा संबंध जिवाशी, तिथं तर मुळीच नको. दादा ती पाटी बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "आपल्या दुकानात अशी कुठं लावता येईल गं? काट्याच्या वर?"

त्याच संध्याकाळी रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात (नाव नको) पाटीच्या उलटा अनुभव आला. चमकदार पांढरी फुलं, पांढरे स्वच्छ कंद, ‘खास पर्यटकांसाठी’. दादानं पिशवीत नाक घातलं आणि सटासट तीन शिंका दिल्या. गंधकाची धुरी! आपल्याकडे सुंठ आणि जर्दाळू उजळवतात तीच युक्ती. वाळलेली वनस्पती थोडी मळकट, पिवळट असणं चांगलं. फार गोरीगोमटी दिसली आणि नाकात झोंबली तर ठेवून द्यावी.

तिसरा दिवस

पश्चिम सरोवराच्या उत्तरेला गेलिंग टेकडी. पायऱ्या ओल्या, पानं पिवळी, खाली धुक्यात सरोवर असून नसल्यासारखं. चढण अजिंक्यताऱ्याच्या निम्मीही नसेल, पण दादाला चार ठिकाणी थांबावं लागलं. त्याला रक्तदाब आहे.

वर पिवळ्या भिंतीचा बाओफू मठ, ताओपंथीयांचा. इथं चौथ्या शतकात ग हुंग नावाचा ताओवादी वैद्य-किमयागार राहिला अशी परंपरा आहे. त्याची विहीरही दाखवतात. अमर होण्यासाठी तो हिंगूळ आणि पारा शिजवत असे. आपल्या रसशास्त्राचा थेट भाऊबंद. पुढे थांग घराण्यातल्या काही सम्राटांचा जीव असल्याच अमृतापायी गेला.

पण याच माणसानं अडीअडचणीला उपयोगी पडतील अशा उपायांची एक वही लिहून ठेवली होती. तापाच्या प्रकरणात एक ओळ. मूठभर छिंगहाव (दवण्याच्या कुळातली एक वनस्पती) दोन माप पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या.

सोळाशे वर्षांनी, 1967 च्या 23 मे रोजी, चीन सरकारनं व्हिएतनामच्या युद्धात मलेरियानं मरणाऱ्या सैनिकांसाठी एक गुप्त मोहीम काढली. बीजिंगच्या थू योयो या संशोधक बाईंच्या तुकडीनं जुन्या पोथ्यांतून दोन हजारांवर पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, जमवले, सुमारे दोनशे वनस्पतींचे 380 हून जास्त अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाव कधी चालायचं, कधी नाही. बाईंनी ग हुंगची ओळ पुन्हा वाचली. मठाच्या कट्ट्यावर बसून मी हे दादाला सांगत होते आणि इथं मी मुद्दाम थांबले, वर्गात थांबायचे तशी. "काय खटकलं असेल त्यांना?"

दादानं क्षणभरही घेतला नाही. "उकळायला सांगितलंच नाहीये. हा काढा नव्हे. अंगरस आहे." मग स्वतःशीच वाद. "अंगरस कसा, पाण्यात भिजवलंय. हिम म्हणायला पाहिजे. पण हिम पिळत नाहीत, गाळतात..."

बाईंना खटकलं ते नेमकं हेच. उष्णतेनं गुण जात असणार. त्यांनी 35 अंशांनाच उकळणारा इथर वापरून अर्क काढला आणि ऑक्टोबर 1971 मध्ये उंदरांमधले मलेरियाचे जंतू पूर्ण नाहीसे झाले. माणसांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. 2015 चं नोबेल. आज गडचिरोलीत आशाताई फॅल्सिपेरम मलेरियावर ज्या गोळ्या देतात, त्यातलं एक औषध या घराण्यातलं.

आमचा जुना वाद इथंही झालाच. दादा म्हणाला, "बघ, पोथीत होतं." मी म्हटलं, "दोन हजार पाठ होते, त्यातला एक निघाला. आणि तोही उंदीर, इथर आणि वजनकाटा यांच्याशिवाय निघाला नसता. शेजारच्या पानावरचा पाऱ्याचा पाठही पोथीतच होता." तो काही बोलला नाही. काडी चघळत धुक्याकडे बघत बसला.

छिंगहावचा चहा म्हणून पुड्या विकायला दिसतील. मलेरियावर तो पिऊ नये. त्यात औषधाचं प्रमाण अपुरं आणि बेभरवशाचं असतं, जागतिक आरोग्य संघटनाही त्याला नको म्हणते.

चौथा दिवस

थोंगशियांग, हांगझोऊहून रेल्वेनं वीसेक मिनिटं. पुढे टॅक्सीनं शृमन गावाकडे. ऊन पडलं होतं. दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीची शेवंती, पांढऱ्या पाकळ्या, पिवळं मध्य, एकराएकरानं. बायका कमरेला टोपल्या बांधून दोन्ही हातांनी खुडत होत्या. मला वाटलं होतं एकदा शेत खुडून मोकळं होतात. नाही, तीन-चारदा तेच शेत फिरायचं. न उमललेली कळी पहिल्यांदा, ती सगळ्यात महाग.

एका घराच्या अंगणात आम्हाला बोलावलं. आजीबाई माझ्याच वयाच्या असतील. मोठ्या कढईत पाण्याला आधण, वर बांबूच्या चाळणीत फुलांचा दोन बोटं जाड थर, वर झाकण. तीन-चार मिनिटांत उतरवून चटईवर उलटं करायचं. फुलांची भाकरीच पडते. ती उन्हात वाळत घालायची आणि अर्धवट वाळल्यावर परतायची. घाई केली तर मोडते, उशीर केला तर बुरशी. मी एक परतायला घेतली आणि मोडली. आजी काही न बोलता तुकडे जुळवत बसल्या.

त्यांनी पेल्यात चार फुलं टाकून गरम पाणी दिलं. फुलं पुन्हा उमलली. चव मंद, गवताळ-गोडसर. डोळ्यांना चांगलं आणि ‘शांग ह्वो’वर. शांग ह्वो म्हणजे आग वर चढणं. तोंड येणं, डोळे चुरचुरणं, घसा धरणं. लेकीला हा शब्द कधी नीट समजावता आला नव्हता म्हणे. मी एका शब्दात सांगितला, उष्ण पडणं! लिचीनंही यांना उष्ण पडतं. आंब्यानंही. इंग्रजीत याला शब्द नाही, पण आम्हाला तो लागलाही नाही.

मी आजींना फोनवर माझ्या लग्नातला फोटो दाखवला, डोक्यात शेवंतीची वेणी. त्यांनी लेकीला विचारलं, "आणि नंतर ती प्यायली की नाही?"

पाचवा दिवस

लेकीला दोन आठवडे कोरडा खोकला होता. जुन्या औषधालयांत वैद्य बसलेले असतात, नंबर लावायचा. आमच्या वाट्याला साठीच्या बाई आल्या. जीभ पाहिली. मग मनगट उशीवर ठेवून तीन बोटं, आधी एक हात, मग दुसरा. आपल्याकडे वात-पित्त-कफ, इथं प्रत्येक बोटाखाली वेगळे अवयव. किती पाणी पितेस, गार पितेस का, झोप कशी, पाळी कशी. एक्स-रे काढला का, हेही विचारलं. नसेल तर अजून आठवड्यानं काढून घे म्हणाल्या, हे मला फार बरं वाटलं. सात दिवसांची औषधं लिहिली. पूर्वी ती घरी मातीच्या भांड्यात दोनदा उकळायची. आता औषधालयच उकळून एकेका वेळेच्या बंद पिशव्या घरी पोचवतं.

दादानं न विचारता हात पुढे केला. बाईंनी बोटं ठेवली, जीभ बघायला तोंड उघडायला लावलं, आणि काडी दिसली.

"हे काय? रोज?"

"चाळीस वर्षं," दादा अभिमानानं.

ज्येष्ठमधाला चिनी वैद्य ‘राज्यातला वडीलधारा’ म्हणतात. बहुतेक चिठ्ठ्यांत असतो, बाकीच्यांचं भांडण मिटवायला. पण बाईंनी दादाच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं, चष्मा वर केला आणि लेकीकडून शब्दशः सांगायला लावलं. वडीलधारे रोज घरात नकोत. रोज ज्येष्ठमध खाल्ल्यानं रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. चिठ्ठीत तीन ग्रॅम आठवडाभर वेगळं, दिवसभर काडी वेगळी. बंद करा.

मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मला हे ठाऊक होतं. पण मी सांगितलेलं त्यानं कधी ऐकलंय? चिनी बाईनं सांगितलं म्हणून खिशातल्या काड्या त्यानं टेबलावर ठेवल्या. दिवसभर मात्र रुसलेला.

रुसवा निघाला दुपारी. हिवाळा लागला की या भागात अवलेह घोटतात, ‘गाव’ म्हणतात त्याला. दुकानाच्या पुढच्या भागात तांब्याच्या कढया मांडलेल्या. प्रत्येक कढई एकेका माणसाच्या चिठ्ठीची, तीस-चाळीस द्रव्यांची. रात्रभर भिजवून, दोन-तीनदा उकळून, गाळून, आटवत आणलेली. वाफेनं चष्मे धूसर. आचारी लांब लाकडी पट्टी बुडवून वर धरत होता. रस थेंबाथेंबानं न पडता पट्टीवरून पडद्यासारखा लोंबला की झालं, याला ‘झेंडा लागणं’ म्हणतात. दुसरी खूण, पाण्यात थेंब टाकला तर मण्यासारखा बसला पाहिजे. दादा पुढे सरसावून बोटांनी तार ओढून दाखवू लागला, "एकतारी! च्यवनप्राशाला आम्ही असंच बघतो!" आचाऱ्याला शब्द कळला नाही, बोटं कळली. त्यानं पट्टी दादाच्या हातात दिली. दहा मिनिटं ढवळून दादा घामाघूम आणि खूश.

चाखायला दिलं तेव्हा लेकीनं हात धरला. या अवलेहाला घट्टपणा येतो तो बहुतेकदा गाढवाच्या कातडीपासून केलेल्या सरसानं, तांदळाच्या मद्यात विरघळवून घातलेल्या. शाकाहारी हवा असेल तर आधी स्पष्ट विचारा. या कातड्यांच्या मागणीपायी आफ्रिकेत गाढवं इतकी मारली गेली की 2024 मध्ये आफ्रिकन संघानं त्यासाठीच्या कत्तलीवर बंदी घातली. औषध म्हणून माझा त्यावर विश्वास नाही, आणि असता तरी इतक्या गाढवांच्या किमतीत नको होतं.

काही विकत घेणार असाल तर प्राण्यांपासूनचं काहीही घेऊ नका, विमानतळावर अडकाल. वजन उतरवण्याच्या अनोळखी चिनी पुड्या तर मुळीच नकोत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये अशा औषधांत एका मुळीच्या जागी दुसरीच, ईश्वरीच्या कुळातली, गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. चीननं नंतर त्या कुळातली काही औषधं बंद केली. आपल्याकडची ईश्वरीही त्याच कुळातली आहे.

सहावा दिवस, शांघाय

लेकीच्या घरी परत. तिच्या औषधाच्या पिशव्या उद्या पोचणार होत्या आणि खोकला आज होता. दादा कोपऱ्यावरच्या औषधालयात एकटाच गेला, लेकीकडून कागदावर चार चिनी नावं लिहून घेऊन. सुंठ, पिंपळी, दालचिनी, ज्येष्ठमध. आकडे त्यानं स्वतः घातले. 6, 3, 3, 3.

"तीनाच्या पटीत नसतं तर दिलं नसतं," परत आल्यावर म्हणाला. पुडी दोऱ्यानं चौकोनी बांधलेली होती. गाठ कशी मारलीय ते त्यानं आधी दहा मिनिटं पाहिलं, मग सोडली.

स्वयंपाकघरात पातेलं शोधू लागला तर लेकीनं ओट्यावर काचेची विजेची किटली ठेवली. बटणांवर अक्षरं होती. चहा, खीर, सूप आणि एक खास काढ्याचं. उकळी आली की आपोआप आच मंद, निम्मं आटलं की आपोआप बंद.

"काढा बटणावर?" दादा म्हणाला. "आच बघायला माणूस नको?"

माणूस म्हणून तो तिथंच उभा राहिला. काचेतून पिंपळ्या वरखाली होताना दिसत होत्या. घरभर वास सुटला. लेकीसाठी पेला भरला, आणि ज्येष्ठमध घातलाय म्हणून स्वतः घेतला नाही. किटली पालथी करून खालचं लेबल बराच वेळ वाचत राहिला.

"कितीला मिळते गं ही?" त्यानं विचारलं. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "इथलं वोल्टेज आपल्यासारखंच असतं ना?"